रहीमसाहेब : मैदानावरचे गुरुजी

इंडिया गेटजवळचे नॅशनल स्टेडियम दिल्लीकरांच्या रोजच्या वाटेवरचे. आज मेजर ध्यानचंद यांचे नाव लाभलेल्या याच स्टेडियममध्ये मार्च १९५१ मध्ये पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा भरल्या. फुटबॉलच्या अंतिम सामन्यात भारताने इराणला १-० असे हरवून सुवर्णपदक मिळवले. गोल साहू मेवालाल यांचा, कर्णधार शैलेन मन्ना. या संघाला घडवणारे प्रशिक्षक सय्यद अब्दुल रहीम हे मूळचे शाळामास्तर होते.

रहीम यांचा जन्म १७ ऑगस्ट १९०९ रोजी हैदराबाद येथे झाला. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. त्यांचे शिक्षण झाले ते उस्मानिया विद्यापीठात. उच्च शिक्षणही देशी भाषेतून देता येते, हे उर्दू माध्यमाच्या बळावर सिद्ध करणारे ते विद्यापीठ. मराठी माध्यमाच्या शाळेला त्याचे अगत्य वाटावे! विद्यापीठाच्या संघातून रहीम फुटबॉल खेळले आणि पदवीनंतर शिक्षक झाले. काचीगुडा, दार-उल-उलूम, चादरघाट अशा शाळांतून त्यांनी अध्यापन केले आणि पुढे शारीरिक शिक्षणाची पदविकाही घेतली.

मैदानावर ते शिक्षक म्हणूनच वावरले. विद्यार्थी सोपे तेच पुन्हा पुन्हा गिरवतो आणि अवघडाला बगल देतो, हे वर्गात उभ्या राहणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असते. रहीमसाहेबांनी त्यावर उपाय योजला. केवळ कमकुवत पायाने खेळायचे सामने त्यांनी भरवले. चेंडू पायाशी घोळवत न ठेवता तत्काळ सोबत्याकडे द्यायचा, असेही सामने घेतले. हैदराबाद सिटी पोलीस हा संघ त्यांच्या हाताखाली तयार झाला. त्याने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे जिंकला.

अपयशही मोठेच आले. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०-१ असा धुव्वा उडवला. आपले बहुतेक खेळाडू त्या थंडीत अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले आणि रहीमसाहेबांनी बचावाची जुनी रचना मोडून नवी बसवली. चारच वर्षांनी मेलबर्न येथे भारताने यजमान ऑस्ट्रेलियाला ४-२ असे नमवले. नेव्हिल डिसूझा यांनी त्या सामन्यात तीन गोल केले. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये इतके उंच स्थान आपल्याला पुन्हा लाभलेले नाही. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी झाली. त्या चमूत त्यांचा मुलगा हकीम होता, पण त्याला एकाही सामन्यात उतरवले गेले नाही.

१९६२ ची जकार्ता येथील स्पर्धा त्यांची अखेरची ठरली. इस्रायल आणि तैवान यांना स्पर्धेबाहेर ठेवल्याबद्दल भारतीय पदाधिकारी गुरुदत्त सोंधी यांनी आक्षेप घेतला होता, त्यामुळे सारे शहर भारतीयांवर खवळले होते. त्यातच साखळीत दक्षिण कोरियाकडून ०-२ असा पराभव झाला. जर्नैल सिंग हे मधल्या फळीतले नव्हे, बचावाचे आधारस्तंभ. त्यांच्या डोक्याला जखम होऊन टाके पडले. आता ते चेंडू डोक्याने मारणार कसे, असा प्रश्न कोणालाही पडला असता. रहीमसाहेबांनी त्यांनाच आघाडीला पाठवले. ४ सप्टेंबर रोजी सुमारे एक लाख प्रेक्षकांच्या हुर्योत अंतिम सामना झाला, तोही त्याच दक्षिण कोरियाशी. पहिला गोल पी. के. बॅनर्जी यांनी केला, दुसरा जर्नैल सिंग यांनी. भारत २-१ असा जिंकला.

कर्करोगाने ग्रासलेले रहीमसाहेब त्यानंतर जेमतेम नऊ महिने जगले. ११ जून १९६३ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रशिक्षकांसाठीचा द्रोणाचार्य पुरस्कार सुरू व्हायला अजून २२ वर्षे होती. आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण भारताला पुन्हा मिळाले नाही. १९७० मध्ये बँकॉक येथे कांस्यपदक तेवढे आले. तेव्हाच्या प्रशिक्षकांत जकार्ताचा पहिला गोल करणारे पी. के. बॅनर्जी होते.