फ्लेमेंको गिटार जगभर पोहोचवणारा साबीकास ३१ वर्षं स्वतःच्या देशात गेलाच नाही

यूट्यूबवर फ्लेमेंको गिटार असं टाकून बघा. बऱ्याच व्हिडिओंमध्ये एकच दृश्य दिसेल. रिकामं स्टेज, एक खुर्ची, गिटार घेऊन बसलेला एक माणूस आणि समोर शांत बसलेले शेकडो लोक. ना गायक, ना नर्तक.

आज आपल्याला यात काही वेगळं वाटत नाही. पण शंभर वर्षांपूर्वी स्पेनमध्ये गिटारवादकाला असा मान नव्हता. हे चित्र ज्यांच्यामुळे बदललं, त्यातलं एक मोठं नाव म्हणजे साबीकास. गंमत म्हणजे त्यानं हे काम केलं ते स्पेनपासून हजारो किलोमीटर लांब राहून.

वालाच्या दाण्यांवरून पडलेलं नाव

त्याचं खरं नाव अगुस्तीन कास्तेयोन काम्पोस. जन्म १६ मार्च १९१२, उत्तर स्पेनमधल्या पाम्प्लोना शहरात, एका जिप्सी म्हणजेच रोमा कुटुंबात.

लहानपणी त्याला वालासारखे हिरवे दाणे खायला भारी आवडायचे. स्पॅनिशमध्ये त्यांना आबास म्हणतात आणि लाडानं आबीकास. मागे लास लागलं की उच्चार होतो लासाबीकास. त्यातूनच साबीकास हे नाव पडलं आणि पुढे जगानं त्याला याच नावानं ओळखलं.

फ्लेमेंकोचं माहेर म्हणजे दक्षिणेतला आंदालुसिया. सेव्हिल, काडिझ, हेरेझ ही त्याची गावं. पाम्प्लोना तिथून पार दुसऱ्या टोकाला, फ्रान्सच्या सीमेजवळ. त्यामुळे शिकवायला कुणी उस्ताद नव्हता. पोरगं ऐकून ऐकूनच शिकलं. पाचेक वर्षांचा असताना हातात गिटार आली आणि दहा वर्षांचा व्हायच्या आत तो लोकांसमोर वाजवायला लागला. स्वरलिपी त्याला आयुष्यभर वाचता आली नाही.

त्यानंतर कुटुंब माद्रिदला आलं. तिथं या मुलाचं नाव व्हायला वेळ लागला नाही.

गिटार म्हणजे साथीचं वाद्य

तेव्हाच्या फ्लेमेंकोत पहिला मान गायकाचा, मग नर्तकाचा. गिटारवाला बाजूला बसून साथ द्यायचा. आपल्याकडे गाण्याच्या बैठकीत तबलजी बसतो, साधारण तसंच. गायकानं श्वास घेतला की मधल्या जागेत तो एखादा छोटा तुकडा वाजवायचा. या तुकड्याला फाल्सेता म्हणतात. पुन्हा गाणं सुरू झालं की गिटार मागे.

ही साथ सोपी नसते बरं का. सोलेआ या प्रकारात बारा मात्रांचं आवर्तन असतं आणि जोर येतो तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, दहाव्या आणि बाराव्या मात्रेवर. गायक कुठेही लांबवेल, नर्तक अचानक थांबेल, पण गिटारवाल्यानं ही मोजणी सोडायची नाही.

एकट्यानं गिटार वाजवून मैफल करायची वाट आधी रामोन मोन्तोयानं दाखवली होती. १९३६ मध्ये पॅरिसला त्याचं एकल वादन रेकॉर्ड झालं. साबीकासवर त्याचा मोठा प्रभाव होता. पण माद्रिदमध्ये त्याचा स्वतःचा व्यवसाय मुख्यतः साथीचाच होता.

१९३६ आणि घर सुटलं

जुलै १९३६ मध्ये स्पेनमध्ये यादवी युद्ध सुरू झालं. त्याच वर्षी साबीकासनं देश सोडला आणि तो दक्षिण अमेरिकेत गेला. तेव्हा तो २४ वर्षांचा होता.

तिथं त्याची जोडी जमली कार्मेन आमायाशी. बार्सिलोनाची ही नर्तकी पुरुषांसारखी पँट घालून नाचायची आणि तिच्या पायांचा वेग बघून लोक थक्क व्हायचे. त्या वेगाला साथ द्यायची तर गिटारवाल्याचे हातही तेवढेच तयार हवेत. साबीकासचे होते. दोघांनी लॅटिन अमेरिका पालथी घातली आणि जानेवारी १९४२ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये कार्यक्रम केला.

पुढे आमाया स्पेनला परतली, साबीकास परतला नाही. काही वर्षं मेक्सिकोत काढून पन्नाशीच्या दशकात तो न्यूयॉर्कला स्थायिक झाला.

इथेच त्याच्या आयुष्याला वळण मिळालं. न्यूयॉर्कमध्ये साथ द्यायला मोठे फ्लेमेंको गायक होते कुठे? शिवाय समोरच्या श्रोत्यांना स्पॅनिश शब्द कळत नव्हते. पण गिटार कळत होती. मग साबीकासनं साथीतले छोटे तुकडे घेतले, स्वतःचे नवे रचले आणि त्यांची सुरुवातीपासून शेवटापर्यंत बांधलेली रचना केली. प्रत्येक स्वर मोकळा आणि स्वच्छ. कितीही वेगात वाजवलं तरी एकही सूर दुसऱ्यावर सांडत नाही, ही त्याची ओळख झाली. त्यानं एकामागून एक एलपी काढल्या. १९७० मध्ये तर जो बेक या इलेक्ट्रिक गिटारवादकासोबत त्याचा रॉक आणि फ्लेमेंको एकत्र आणणारा अल्बम आला.

साबीकास स्पेनला जात नव्हता, पण त्याच्या रेकॉर्ड जात होत्या. तिथली तरुण मुलं त्या ऐकून शिकत होती.

एक सल्ला आणि पुढचा इतिहास

१९६३ मध्ये एका नृत्यसंस्थेबरोबर दौऱ्यावर आलेला एक पोरगा न्यूयॉर्कमध्ये साबीकासला भेटला. वय अवघं पंधरा. नाव पाको दे लुसिया.

पाकोनं त्याला वाजवून दाखवलं. हात विलक्षण तयार होता, पण वाजवत होता ते नीन्यो रिकार्दोचं. रिकार्दो तेव्हा स्पेनमधल्या तरुण वादकांचं दैवत होता. साबीकासनं त्याला समजावलं, की दुसऱ्याचं वाजवत बसू नको, गिटारवाल्याचं स्वतःचं संगीत असलं पाहिजे. पाकोला तो सल्ला तेव्हा थोडा लागलाच. पण पुढे त्यानं तेच केलं आणि तो फ्लेमेंकोचा जगातला सर्वात प्रसिद्ध गिटारवादक झाला. आपल्या घडण्याचं मोठं श्रेय तो साबीकासला देत राहिला.

परत, पण उशिरा

साबीकासनं स्पेनच्या मातीवर पुन्हा पाय ठेवला तो १९६७ मध्ये. तरुणपणी गेलेला माणूस पंचावन्नाव्या वर्षी परत आला होता. तिथं त्याचा सन्मान झाला, नंतर येणंजाणंही होत राहिलं, पण घर न्यूयॉर्कलाच राहिलं.

१९८९ मध्ये कार्नेगी हॉलमध्ये त्याच्या गौरवाचा कार्यक्रम झाला. आमायासोबत तो तिथं आला होता त्याला तेव्हा ४७ वर्षं झाली होती. शेवटच्या काळात त्यानं ग्रानादाचा गायक एन्रिके मोरेन्ते याच्यासोबत एक अल्बम केला. जगभर एकट्यानं मैफली गाजवलेला हा माणूस त्यात पुन्हा गायकाच्या साथीला बसला होता.

१४ एप्रिल १९९० रोजी न्यूयॉर्कमध्ये त्याचं निधन झालं. दफन मात्र पाम्प्लोनामध्ये झालं. आज त्याच शहरात दरवर्षी फ्लेमेंकोचा मोठा महोत्सव भरतो. ज्या गावात त्याला शिकवायला उस्ताद मिळाला नव्हता, तिथं आता जगभरातले कलाकार वाजवायला येतात.