चंडोलाचा वैमानिक : झाँ बुले

हिमालयात सेवा केलेल्या सैनिकांच्या बोलण्यात दोन नावे हमखास येतात : चेतक आणि चीता. माझे बाबा आर्मी एव्हिएशनमध्ये तंत्रज्ञ होते. त्यामुळे आमच्या घरी ही नावे जवळच्या नातेवाइकांसारखी घेतली जात. दोन्ही हेलिकॉप्टर्स आपल्या हिंदुस्थान एरोनॉटिक्सने बनवली, हे मला लहानपणापासून ठाऊक होते. पण त्यांचे मूळ आराखडे फ्रान्सचे आहेत, आणि ज्या वैमानिकाने या घराण्याला आकाशात नेले त्याच्या नावावर हेलिकॉप्टरच्या उंचीचा जागतिक विक्रम आहे, हे मला वाचनातून कळले. त्या वैमानिकाची ओळख मराठी पानाच्या वाचकांना करून द्यावी म्हणून हा लेख.

झाँ बुले यांचा जन्म १९२० साली पॅरिसजवळच्या ब्रूनवा या गावी झाला. फ्रान्समधील नामवंत एकोल पॉलिटेक्निकमध्ये आणि नंतर विमानविद्येच्या उच्च शिक्षणसंस्थेत शिकून ते अभियंता झाले. पुढे हवाई दलात त्यांनी वैमानिकाचे प्रशिक्षण घेतले. १९४७ मध्ये ते दक्षिण-पूर्व फ्रान्समधील सरकारी विमान कंपनीत दाखल झाले आणि तेथे चाचणी वैमानिक बनले. अभियंता आणि वैमानिक हे दोन्ही गुण एकाच माणसात असणे या कामात फार मोलाचे असते. यंत्र थरथरले तर ते नुसते जाणवून चालत नाही, का थरथरले हेही खाली उतरल्यावर सांगता यावे लागते.

त्या काळातील हेलिकॉप्टर्स पिस्टन इंजिनावर चालत. ही इंजिने जड असत आणि उंचावर हवा विरळ झाली की त्यांचा दम लवकर संपे. फ्रेंच अभियंत्यांनी त्याऐवजी वजनाने हलके टर्बाइन इंजिन बसवले आणि त्या यंत्राला आलुएत, म्हणजे चंडोल, असे नाव दिले. १२ मार्च १९५५ रोजी बुले यांनी आलुएत-२ चे पहिले उड्डाण केले. तीन महिने पुरे होण्याआधीच, ६ जून रोजी, ते याच यंत्रातून ८,२०९ मीटर उंचीवर गेले. तो जागतिक विक्रम ठरला. १९५८ मध्ये त्यांनी १०,९८४ मीटर उंची गाठली. एव्हरेस्टपेक्षा दोन किलोमीटरहून अधिक उंच!

पण मला या विक्रमांपेक्षा जास्त विचार करायला लावले ते १९५६ च्या डिसेंबरमधील घटनेने. झाँ व्हँसांदाँ आणि फ्रान्स्वा आन्री हे दोन तरुण गिर्यारोहक माँ ब्लाँ पर्वतावर बर्फात अडकले. त्यांना आणायला गेलेले एक मोठे पिस्टन इंजिनाचे हेलिकॉप्टर ३१ डिसेंबरला तेथेच कोसळले. आता गिर्यारोहकांबरोबर त्या हेलिकॉप्टरचे वैमानिक आणि मदतीला गेलेले वाटाडेही वर अडकले. तेव्हा आलुएत बोलावण्यात आले. ३ जानेवारी १९५७ रोजी झाँ बुले आणि त्यांचे सहकारी वैमानिक यांनी चार हजार मीटरहून उंच असलेल्या व्हालो निवाऱ्याजवळ हेलिकॉप्टर उतरवले आणि वाटाड्यांना व वैमानिकांना सुखरूप खाली आणले. ते दोन गिर्यारोहक मात्र वाचले नाहीत. योग्य यंत्र होते, योग्य वैमानिकही होते. पण ते पोहोचेपर्यंत उशीर झाला होता. या दुर्घटनेने फ्रान्स हळहळला. पर्वतात अडकलेल्यांना सोडवण्याची जबाबदारी आधीच ठरलेली असावी, हे सर्वांना पटले आणि १९५८ मध्ये शामोनी येथे खास पर्वतीय बचाव पथक उभे राहिले.

१९५९ मध्ये बुले यांनी आलुएत-३ चे पहिले उड्डाण केले. पुढच्याच वर्षी हे हेलिकॉप्टर हिमालयात सहा हजार मीटर उंचीवर उतरवून दाखवण्यात आले. हेच आपले चेतक. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव त्याला शोभून दिसते. त्यानंतर १९६८ मध्ये भारतीय सेनादलांच्या गरजेसाठी एक नवे हेलिकॉप्टर आखले गेले. आलुएत-२ चा हलका सांगाडा आणि आलुएत-३ चे जोरदार इंजिन व रोटर यांचा त्यात मेळ घातला. फ्रेंचांनी त्याचे नाव लामा ठेवले. आपण त्याला चीता म्हणतो.

याच लामामधून २१ जून १९७२ रोजी बुले यांनी आपले सर्वात मोठे उड्डाण केले. वजन कमी करण्यासाठी आसने आणि गरज नसलेले सामान काढून टाकले होते. इस्त्र येथील धावपट्टीवरून एकटे बुले ऑक्सिजनचा मुखवटा लावून निघाले. ते १२,४४२ मीटरवर पोहोचले. बाहेर तापमान शून्याखाली साठ अंशांहून कमी होते. उतरण्यासाठी त्यांनी इंजिनाचा जोर कमी करताच त्यातील ज्वाला विझली. इंजिन पुन्हा सुरू होईना.

अशा वेळी ऑटोरोटेशन कामी येते. जत्रेतले भिरभिरे आपण आठवू. त्याला इंजिन नसते, समोरून येणारी हवा त्याला फिरवते. हेलिकॉप्टर खाली येताना हवा खालून वर जाते आणि पाती फिरत ठेवते. त्यासाठी वैमानिकाने डाव्या हातातील दांडा ताबडतोब खाली करून पात्यांचा कोन कमी करावा लागतो. उशीर झाला तर रोटर मंदावतो आणि मग काहीच हाती राहत नाही. जमीन जवळ आली की पात्यांचा कोन पुन्हा वाढवायचा आणि फिरत्या रोटरमध्ये साठलेली शक्ती खर्च करून अलगद टेकायचे. ही संधी एकदाच मिळते. बुले बारा किलोमीटर उंचीवरून इंजिनाशिवाय उतरले आणि सुखरूप जमिनीवर टेकले. एकाच उड्डाणात सर्वाधिक उंची आणि सर्वात लांब ऑटोरोटेशन, असे दोन पराक्रम त्यांच्या नावावर जमा झाले.

पुढे त्यांनी हेलिकॉप्टरच्या इतिहासावर ग्रंथ लिहिला. त्यात त्यांनी आपल्या आधीच्या प्रवर्तकांच्या कामाला मान दिला. २०११ मध्ये दक्षिण फ्रान्समधील एक्स-आन-प्रोव्हान्स येथे त्यांचे निधन झाले.

बुले यांचे चरित्र वाचताना मला एक गोष्ट पटली. विक्रमाच्या दिवशी त्यांचे प्राण वाचवले ते धाडसाने नाही, सरावाने. विचार करायला वेळ नव्हता, पण हाताला काय करायचे ते ठाऊक होते. पहाटेची पीटी आणि तीच तीच कवायत यांचा कंटाळा येणाऱ्या आम्हा कॅडेटांना हे कळायला हवे. आणि दुसरे असे की, विक्रमाचे खरे मोल आकड्यात नसते. सियाचीनच्या ठाण्यांवर चीताने रॉकेल, औषधे, पत्रे पोहोचवली आणि आजारी जवानांना खाली आणले. जी उंची बुले यांनी एकट्याने पारखून पाहिली, तिच्या भरवशावर आपले कितीतरी जवान घरी परतले.