आधी स्वतःला टोचून घेणारे हाफकिन

परळची हाफकिन संस्था आपल्यापैकी पुष्कळांना ऐकून ठाऊक आहे. पण जिला हे नाव मिळाले, त्या वाल्डेमार हाफकिन यांची ओळख थोड्यांनाच असते.

त्यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी ओडेसा येथे एका यहूदी कुटुंबात झाला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांनी पटकीची लस तयार केली व १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. १८९३ साली ते भारतात आले आणि आपल्या ग्वाल्हेरच्या शेजारच्या आग्र्यात त्यांनी लोकांना लस टोचण्यास आरंभ केला.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. माणसे घरेदारे सोडून पळू लागली. हाफकिन यांनी ग्रँट मेडिकल कॉलेजातील लहानशा जागेत रात्रंदिवस खपून प्लेगची लस सिद्ध केली. १० जानेवारी १८९७ रोजी तीही त्यांनी आधी आपल्याच अंगात घेतली. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली. ज्या कैद्यांनी स्वखुशीने टोचून घेतले, त्यांच्यात आजार व मृत्यू इतरांपेक्षा कमी झाले. लस म्हणजे अभेद्य कवच नव्हे, हे हाफकिन जाणून होते. म्हणून टोचलेले व न टोचलेले यांची ते काटेकोर तुलना करीत.

१९०२ साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतील लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. ठपका हाफकिन यांच्या प्रयोगशाळेवर आला व त्यांना काम सोडावे लागले. दोष प्रयोगशाळेतील लसीचा नसून, गावात बाटली उघडताना दूषण शिरले असावे, हे शास्त्रज्ञांनी दाखवून दिले. १९०७ साली ते दोषमुक्त होऊन भारतात परतले. १९२५ साली परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव मिळाले. २६ ऑक्टोबर १९३० रोजी लोझान येथे त्यांचा अंत झाला.

या चरित्रातून आपण काय घ्यावे? साथ दारात आल्यावर धावाधाव करण्यापेक्षा आधीची तयारी बरी. फ्लूचा विषाणू सतत रूप बदलतो, म्हणून त्याची लस दरवर्षी घ्यावी लागते. आणि टोचल्यावर संरक्षण येण्यास सुमारे दोन आठवडे लागतात. वृद्ध, गरोदर स्त्रिया, दमा किंवा मधुमेह असलेले यांनी हंगामापूर्वीच डॉक्टरांना विचारावे. शब्बाथशाळेच्या शिक्षकांनी मुलांना हे जरूर सांगावे. पण सांगण्याआधी, हाफकिन यांच्याप्रमाणे, आपला दंड पुढे करावा.