अष्टपैलू क्रीडापटू लॉटी डॉड

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडसारख्या पुढारलेल्या देशातही मैदान हे पुरुषांचेच मानले जाई. अशा काळात एका मुलीने चार खेळांत नाव कमावले. तिचे नाव शार्लट ऊर्फ लॉटी डॉड.

लॉटीचा जन्म २४ सप्टेंबर १८७१ रोजी चेशायर परगण्यातील बेबिंग्टन येथे झाला. वडील कापसाच्या व्यापारातले, घर सुखवस्तू. घराच्या आवारातच टेनिसची मैदाने होती आणि खेळायला भावंडे होती. १८८७ साली विम्बल्डनच्या अंतिम लढतीत तिने ब्लांच बिंगलेला ६-२, ६-० असे हरवले, तेव्हा तिचे वय अवघे पंधरा वर्षांचे होते. स्त्रियांच्या एकेरीत इतक्या लहान वयात अजिंक्यपद मिळवण्याचा तिचा विक्रम आजही अबाधित आहे. पुढे १८८८, १८९१, १८९२ आणि १८९३ सालीही तीच अजिंक्य ठरली.

टप्पा पडण्याआधीच चेंडू परतवण्याचे तिचे कसब या यशामागे होतेच. पण त्याला आणखी एका गोष्टीची जोड मिळाली. इतर स्त्रिया पायघोळ झगे आणि आवळलेली कॉर्सेट घालून खेळत. लॉटी शाळकरी वयाची, म्हणून तिला आखूड झगा चालून गेला आणि ती मोकळेपणी धावू शकली. जी सवलत पोरवयाला मिळाली, ती प्रौढ स्त्रियांना मात्र नव्हती!

एकविसाव्या वर्षीच स्पर्धात्मक टेनिस सोडून लॉटी इतर खेळांकडे वळली. १८९९ साली ती इंग्लंडकडून हॉकी खेळली. १९०४ साली ट्रून येथे मे हेझलेटचा पराभव करून तिने स्त्रियांची ब्रिटिश हौशी गोल्फ स्पर्धा जिंकली. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये तिरंदाजीत ती क्वीनी न्यूऑलच्या मागोमाग दुसरी आली आणि रौप्यपदक मिळवले. त्याच ऑलिंपिकमध्ये तिचा भाऊ विल्यम याने पुरुषांच्या तिरंदाजीत सुवर्णपदक पटकावले. पहिल्या महायुद्धात तिने रेडक्रॉसमध्ये सेवा केली. २७ जून १९६० रोजी वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी तिचे निधन झाले.

लॉटीचे गुण असामान्य होते, यात शंका नाही. परंतु तिला घरचे मैदान, सोबती आणि मोकळा पोशाखही लाभला. ज्यांना यातले काहीच लाभले नाही, अशा किती मुलींचे गुण कोमेजून गेले असतील? तिचे चरित्र वाचून कौतुकाने मान डोलावणे सोपे आहे. आपल्या बहिणीला मैदानाची वाट मोकळी करून देणे, हाच तिचा खरा गौरव ठरेल.