तिजोरीवाचून उभा राहिलेला संघ

श्रीरामपूरच्या झहीर खानने प्रथम श्रेणीच्या क्रिकेटला सुरुवात केली ती महाराष्ट्राकडून नव्हे, तर बडोद्याकडून. साल होते १९९९-२०००. पुढच्याच हंगामात बडोद्याने रणजी करंडक जिंकला आणि अंतिम सामन्याचा मानकरी ठरला तो हाच नगर जिल्ह्यातला डावखुरा गोलंदाज. संगमनेर तालुक्यातल्या आश्वीचा अजिंक्य रहाणे मुंबईचा झाला. नगरच्या वाडिया पार्कवर मुलाला खेळायला आणणाऱ्या कुठल्याही बापाशी बोला. आपली चांगली पोरे बाहेर का जातात, हा विषय निघाल्याशिवाय राहत नाही.

तक्रार खरी आहे, पण नवी मुळीच नाही. बडोद्याने महाराष्ट्राचा मोहरा नेण्याची ही पहिली वेळही नव्हती.

परदेशी फुटबॉल पाहणाऱ्या आजच्या मुलांना क्लबांच्या खेळाडू-खरेदीचे आकडे तोंडपाठ असतात. कोणाकडे पैसा किती, कमी पैशात कोणी कसा संघ बांधला, यावर रात्री जेवणाच्या ताटावर वाद रंगतात. आपल्याकडे असा एक प्रयोग ऐंशी-पंच्याऐंशी वर्षांपूर्वीच होऊन गेला. तो फुटबॉलमध्ये नव्हे, क्रिकेटमध्ये झाला आणि त्याचे सूत्रधार होते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृत शिकवणारे प्राध्यापक दिनकर बळवंत देवधर.

देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, ऐन संक्रांतीचा. १९११ पासून ते मोठे सामने खेळत होते. १९२६ साली आर्थर गिलिगनच्या एम.सी.सी. संघाविरुद्ध मुंबईत भारतीय संघाकडून त्यांनी १४८ धावा केल्या, तेव्हा ते चौतीस वर्षांचे होते. भारताला कसोटीचा दर्जा मिळायला अजून सहा वर्षे होती. १९३२ साली पहिला कसोटी संघ इंग्लंडला निघाला त्या वेळी देवधर चाळिशीत पोहोचले होते, आणि त्या बोटीत त्यांना जागा मिळाली नाही. अधिकृत कसोटी त्यांच्या नशिबी आलीच नाही. दुसरा कोणी असता तर बॅट माळ्यावर टाकून उरलेले आयुष्य रघुवंशात घालवले असते. देवधरांचे खरे काम मात्र इथून पुढे सुरू झाले.

रणजी करंडक स्पर्धा १९३४-३५ मध्ये सुरू झाली. त्या काळची परिस्थिती आज समजावून सांगावी लागते. मुंबईजवळ पैसा होता, गिरण्या होत्या, जिमखाने होते. संस्थानिकांचे संघ म्हणजे तर वेगळेच प्रकरण. एखादा खेळाडू राजेसाहेबांच्या मनात भरला की त्याला फौजेत हुद्दा मिळायचा किंवा दरबारात नोकरी, आणि पुढे तो त्या संस्थानाचा होऊन जायचा. नवानगरने १९३६-३७ साली करंडक जिंकला त्या संघाचा कर्णधार बर्ट वेन्सली हा चक्क इंग्लंडचा धंदेवाईक खेळाडू होता. गंमत अशी की पुढे ज्या दोन दरबारांनी सर्वाधिक गुणी खेळाडू जमवले ते दोन्ही आपलेच: बडोद्याचे गायकवाड आणि इंदूरचे होळकर.

महाराष्ट्राच्या संघामागे अशी तिजोरी नव्हती. मुंबई शहर वेगळे, विदर्भ वेगळा. उरलेला मुलूख आणि मध्यभागी पुणे. पुण्याकडे होती ती महाविद्यालये, पी.वाय.सी. आणि डेक्कन जिमखान्यासारखे क्लब आणि खेळावर जीव टाकणारी मध्यमवर्गीय मंडळी. १९३९ साली संघाची धुरा देवधरांकडे आली तेव्हा त्यांचे वय सत्तेचाळीस होते.

त्या दोन वर्षांतला संघ नीट पाहिला की त्यामागचा हिशेब हळूहळू उलगडतो. विजय हजारे सांगलीचे, एका शिक्षकाचे पुत्र. फलंदाज आणि मध्यमगती गोलंदाजही. रंगा सोहोनी डावाची सुरुवात करत आणि नवा चेंडूही टाकत. चंदू सरवटे फलंदाजी करत, फिरकी टाकत. आडनावातच नगर घेऊन फिरणारे पारशी गृहस्थ नरिमन नगरवाला खाली येऊनही चिवट फलंदाजी करत. एकेका माणसाकडून दोन-दोन कामे घेणारा हा संघ होता. मोठा संघ पोसण्याची ऐपत नसलेल्या घरकर्त्याला जे सुचावे तेच प्राध्यापकांना सुचले, असे माझे मत आहे.

दुसरा हिशेब नियमांचा. स्पर्धा तेव्हा बाद पद्धतीची होती. एक सामना गेला की वर्षाची मेहनत वाया. सामना अनिर्णित राहिला तर पहिल्या डावात ज्याची आघाडी तो पुढे जाई. मग धारदार गोलंदाज कुठून आणायचे याची चिंता करत बसण्यापेक्षा पहिल्या डावात समोरच्याच्या आवाक्याबाहेर धावा करून ठेवाव्यात, हे बरे. त्यासाठी शेवटच्या माणसापर्यंत फलंदाजी हवी. पुण्याच्या खेळपट्ट्याही या विचाराला अनुकूल होत्या.

१९३९-४० मध्ये पुण्यात बडोद्याविरुद्धच्या सामन्यात हजाऱ्यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी स्पर्धेतले ते पहिले त्रिशतक. पण संघबांधणीच्या दृष्टीने मला त्याहून महत्त्वाची वाटते ती त्याच डावातली नवव्या जोडीची भागी: हजारे आणि नगरवाला, २४५ धावा! आठ गडी बाद झाल्यावर दुसरा कोणताही कर्णधार पॅड सोडून चहाकडे वळला असता. त्या वर्षी पुण्यातच संयुक्त प्रांताला दहा गड्यांनी हरवून महाराष्ट्राने पहिल्यांदा रणजी करंडक जिंकला.

पुढच्या हंगामात मुंबईशी गाठ पडली. पुण्यातल्या त्या सामन्याचे आकडे वाचताना आजही छातीत धडधड होते. महाराष्ट्र ६७५. उत्तरादाखल मुंबई धावत सुटली, आणि थांबली ६५० वर. पंचवीस धावांचे अंतर! महाराष्ट्राच्या ६७५ मध्ये सर्वांत मोठा वाटा होता खुद्द कर्णधाराचा, २४६ धावांचा, आणि तोही वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. ज्याला काही द्यावे लागत नाही असा हुकमी फलंदाज प्राध्यापकांनी स्वतःच्याच घरी शोधला होता, असे म्हणायला हरकत नाही. सोहोनींनी त्या हंगामात ६५५ धावा केल्या. अंतिम सामन्यात मद्रासला मद्रासमध्येच सहा गड्यांनी हरवून महाराष्ट्राने करंडक राखला.

घरी शोधला म्हटल्यावर आणखी एक गोष्ट सांगायला हवी. देवधरांच्या तारा, सुमन आणि सुंदर या तिन्ही मुलींनी त्याच दशकात बॅडमिंटनच्या राष्ट्रीय स्पर्धा गाजवल्या. मुलींनी खेळावे की नाही यावर पुण्यात कुजबुज चालण्याचा तो काळ. संघ बांधण्याची हौस या गृहस्थांना मैदानापुरती नव्हती.

पण ज्याच्याकडे तिजोरी नाही त्याने घडवलेले माणूस त्याच्याकडे राहील, याची शाश्वती कोण देणार? १९४१ मध्ये विजय हजारे बडोद्याला गेले. ज्या बडोद्याच्या गोलंदाजीवर त्यांनी ३१६ धावा केल्या, त्याच बडोद्याच्या महाराजांनी त्यांना आपल्या फौजेत कप्तानाचा हुद्दा दिला. याबद्दल हजाऱ्यांना बोल लावण्यात अर्थ नाही. क्रिकेटवर तेव्हा घर चालत नव्हते. हुद्द्यावर चालत होते. बडोद्याने १९४२-४३ साली करंडक जिंकला. १९४७ च्या अंतिम सामन्यात हजारे आणि गुल महंमद यांनी होळकर संघाविरुद्ध चौथ्या गड्यासाठी ५७७ धावा जोडल्या. हजारे २८८, गुल महंमद ३१९.

सरवटे पुढे होळकर संघात गेले. सी. के. नायडू, मुश्ताक अली आणि सरवटे एकाच संघात! १९४५ च्या अंतिम सामन्यात तर महूच्या छावणीत असलेला इंग्लंडचा डेनिस कॉम्प्टन होळकरांकडून नाबाद २४९ धावा करून गेला. कोल्हापूरच्या भाऊसाहेब निंबाळकरांनी डिसेंबर १९४८ मध्ये महाराष्ट्रासाठी काठियावाडविरुद्ध पुण्यात नाबाद ४४३ धावा केल्या. पुढे तेही होळकर संघात दिसले.

देवधरांनी यावर केलेला उपाय अगदी त्यांच्या स्वभावासारखा होता. ते खेळतच राहिले. १९४४ साली नवानगरविरुद्धच्या सामन्यात त्यांनी दोन्ही डावांत शतके केली, १०५ आणि १४१. वय बावन्न! समोरच्या संघातल्या काही गोलंदाजांचे वडील त्यांच्याहून लहान असतील. पुढे काही काळाने ते थांबले.

इथे एक गोष्ट स्पष्टच लिहायला हवी. देवधरांनी संघ उभा केला, पण तो त्यांच्या डोक्यात आणि त्यांच्या मनगटात होता. त्यांच्यामागे ते काम चालवणारी यंत्रणा तेवढ्या ताकदीने उभी राहिली नाही. याचा दोष एका माणसाकडे जात नाही. पण नगर, नाशिक, सोलापूरच्या मुलांना पुण्यापेक्षा मुंबई-बडोदा जवळचे वाटत राहिले, त्याचे मूळ इथेच कुठेतरी आहे.

देवधर पुढे निवड समितीत बसले, महाराष्ट्र क्रिकेट संघटनेचे अध्यक्ष झाले. १९७३ मध्ये त्यांच्या नावाने विभागीय संघांची देवधर करंडक स्पर्धा सुरू झाली. १९९१ साली पद्मभूषण मिळाले, आणि पुढल्या वर्षी त्यांनी शंभरी पूर्ण केली. महाराष्ट्र १९७०-७१ मध्ये रणजीच्या अंतिम फेरीत पोहोचून मुंबईकडून हरला होता. त्यानंतर तो पुन्हा अंतिम फेरीत आला १९९२-९३ च्या हंगामात, आणि पंजाबकडून हरला. त्याच वर्षी, २४ ऑगस्ट १९९३ रोजी, एकशे एक वर्षांच्या देवधरांचे निधन झाले. १९४१ च्या मार्गाने पुण्यात आलेला तो करंडक त्यांना दुसऱ्या कोणाच्या हाती पाहायला मिळाला नाही.