मैदानात आत, चहाला बाहेर

लोणावळ्याहून पुण्याकडे निघालं की एक्स्प्रेसवे संपत येताना गहुंज्याचं क्रिकेट स्टेडियम दिसतं. आपल्याच मावळ तालुक्यातलं. डिसेंबर २०१२ मध्ये तिथं पहिला आंतरराष्ट्रीय सामना झाला, तोही इंग्लंडशी. पुढे याच मैदानावर २०१७ साली ऑस्ट्रेलियाच्या स्टीव्ह ओकीफनं १२ विकेट्स काढल्या, २०२४ साली न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरनं १३. दोघेही डावखुरे फिरकी बोलर, आणि दोन्ही टेस्ट आपण हरलो. पण परक्यांनी डावखुऱ्या फिरकीनं आपल्याला नाचवावं, हे तसं उलटंच झालं. कारण याच फिरकीनं गोऱ्या साहेबाला नाचवणारा माणूस सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच पुण्यात तयार झाला होता. त्यांचं नाव पालवणकर बाळू. गूगली आणि दूसरा सांगणाऱ्या आपल्या पिढीतल्या किती जणांना हे नाव माहीत आहे?

बाळूंचा जन्म १८७५-७६ च्या सुमारास धारवाडचा. आडनाव कोकणातल्या पालवण गावावरून आलेलं. घर चर्मकार समाजातलं. वडील लष्कराच्या नोकरीत, त्यामुळे मुलांचं बालपण पुण्याच्या लष्करी भागात गेलं. साहेबांनी टाकून दिलेली जुनी बॅट, उसवलेला बॉल हेच बाळू आणि त्यांच्या भावांचं पहिलं किट. शिक्षण फार झालं नाही. पारशी लोकांच्या एका क्रिकेट क्लबात खेळपट्टी झाडायची, रोलर फिरवायचा, असं काम मिळालं. पगार महिना ३ रुपये.

१८९२ च्या सुमारास ते इंग्रजांच्या पूना क्लबात लागले. पगारात एका रुपयाची वाढ, म्हणजे ४ रुपये. त्या काळी जिथं छावणी तिथं साहेबाचा क्लब किंवा जिमखाना असायचाच. पोलो, रग्बी, टेनिस, क्रिकेट, सगळं तिथं चालायचं. आत खेळणारे आणि बसणारे गोरे, मैदान राखणारे आणि चहा आणणारे आपले. रग्बी पुढेही आपल्याकडे थोड्याच क्लबांपुरती राहिली, पण क्रिकेट मात्र या राखणाऱ्या हातांनी उचललं.

बाळूंचं काम रोलर फिरवणं, नेट बांधणं, क्रीज आखणं. मग एका साहेबानं त्यांना नेटमध्ये बोलिंग टाकायला सांगितलं, आणि बघता बघता सगळा क्लब त्यांच्याच बोलिंगवर प्रॅक्टिस करू लागला. त्यात कॅप्टन ग्रेग हा त्या काळचा नावाजलेला बॅट्समन होता. बाळूंनी आपल्याला आउट केलं की तो दर वेळी आठ आणे द्यायचा, असं सांगतात. आठ वेळा आउट केलं की महिन्याचा पगार वसूल! पण गंमत (की शोकांतिका?) अशी, की शेकडो तास बोलिंग करूनही बाळूंच्या हाती तिथं बॅट कधी आली नाही. बॅटिंग साहेबांची, घाम बाळूंचा.

आता सिव्हिलच्या मित्रांना एक सांगतो. माती कॉम्पॅक्ट केली की तिचं वागणं कसं बदलतं, हे आपण लॅबमध्ये शिकतो. पाणी किती, रोलर किती वेळ, यावर खेळपट्टी ठरते. घट्ट दाबलेल्या खेळपट्टीवर बॉल सरळ येतो. सुकून भुसभुशीत झालेल्या जागी पकड मिळते आणि तो वळतो. ज्या माणसानं वर्षानुवर्षं स्वतः रोलर ओढला, त्याला बॉल कुठं टाकला की काय होईल हे वेगळं शिकवावं लागलं नसणार. रोज झाडू मारता मारताच त्यांचा अभ्यास झाला.

त्याच सुमारास पुण्यातला हिंदूंचा क्लब साहेबांना हरवायचं स्वप्न बघत होता. साहेबाला रोज आउट करणारा माणूस तर गावातच होता. पण घ्यायचा कसा? तो पडला अस्पृश्य. क्लबात यावर बरीच ओढाताण झाली. शेवटी जिंकायची इच्छा शिवाशिवीपेक्षा मोठी ठरली आणि बाळू टीममध्ये आले. पण कसे? मैदानात बॉल सगळ्यांनी हाताळलेला चालायचा. चहाची वेळ झाली की बाळूंना पॅव्हेलियनच्या बाहेर, मातीच्या भांड्यात चहा. जेवणाला वेगळं ताट, वेगळी जागा. मग परत मैदानात जाऊन त्यांनीच विकेट काढायची.

साताऱ्याला गोऱ्यांच्या जिमखान्याशी मॅच ठरली, तेव्हा यजमानांनी बाळूंची फिरकी बोथट करायला कित्येक दिवस खेळपट्टीवर रोलर फिरवून ठेवला. रोलरवाल्याशीच रोलरनं पंगा! बाळूंनी ७ विकेट्स काढल्या. पुण्यात जाहीर सत्कार झाला. ज्यांना त्यांच्या शेजारी बसून चहा चालत नव्हता, त्यांच्याच गावात हार पडले.

१८९६ च्या प्लेगच्या सुमारास बाळू घाट उतरून मुंबईला गेले. पुढे रेल्वेत नोकरी लागली आणि हिंदू जिमखान्याकडून खेळणं सुरू झालं. फेब्रुवारी १९०६ मध्ये बॉम्बे जिमखान्याच्या मैदानावर हिंदू विरुद्ध युरोपियन असा सामना झाला. हिंदूंच्या २४२ आणि १६० धावा, युरोपियनांच्या १९१ आणि १०२. म्हणजे १०९ धावांनी विजय! बंगालच्या फाळणीनं देश तापलेला असताना राज्यकर्त्यांना त्यांच्याच खेळात, त्यांच्याच मैदानावर हरवणं ही साधी गोष्ट नव्हती. या टीममध्ये बाळूंबरोबर त्यांचे धाकटे भाऊ शिवरामही होते. मुंबईच्या जिमखान्यात आता बाळूंना इतर खेळाडूंबरोबर जेवायला बसता येऊ लागलं. पुण्यातला कप बाहेर राहिला होता, इथं ताट आत आलं.

१९११ साली भारतीय संघ इंग्लंडला गेला. कॅप्टन पतियाळाचे महाराज भूपिंदर सिंग. संघ म्हणून कामगिरी यथातथाच. प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी १० हरलो, जिंकलो फक्त दोन, लेस्टरशायर आणि सॉमरसेटविरुद्ध. पण बाळूंनी त्या दौऱ्यात प्रथम श्रेणीच्या ७५ विकेट्स काढल्या. सगळे सामने धरले तर शंभराच्या वर. वय पस्तिशीचं. तरीही! परत आल्यावर मुंबईत दलित समाजानं त्यांचा सत्कार केला. त्यात एल्फिन्स्टन कॉलेजात शिकणाऱ्या एका तरुणाचा सहभाग होता. त्याचं नाव भीमराव आंबेडकर.

आता कुणालाही वाटेल, की हिंदूंच्या संघाचे कॅप्टन बाळूच झाले असतील. नाही झाले. वर्षामागून वर्षं गेली, कॅप्टन दुसरेच होत राहिले. १९२० साली तर त्यांना संघातूनच वगळलं. तेव्हा शिवराम आणि विठ्ठल या दोन्ही भावांनी संघातून माघार घेतली. फॉर्मात असलेल्या खेळाडूंनी स्वतःहून बाहेर बसणं किती अवघड, हे ज्याचं नाव कॉलेजच्या टीमच्या लिस्टवर कधी लागलंय त्याला विचारा. पेपरांतून, सभांतून बराच गाजावाजा झाला. अखेर बाळू परत आले, उपकप्तान म्हणून, आणि कॅप्टन मैदानाबाहेर गेल्यावर थोडा वेळ का होईना त्यांनी संघ हाकला. पूर्ण कप्तानी घरात आली ती १९२३ साली, धाकट्या विठ्ठलकडे. त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवलं आणि लोकांनी विठ्ठलना खांद्यावर उचलून घेतलं. बाळूंचं स्वतःचं खेळणं तोवर संपलं होतं. प्रथम श्रेणीच्या ३३ सामन्यांत १७९ विकेट्स, सरासरी साधारण १५. जाणकारांना हा आकडा पुरेसा आहे.

पुढचं आयुष्य राजकारणात गेलं. १९३२ च्या पुणे करारावर दलितांच्या बाजूनं सही करणाऱ्यांत बाळू होते. १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसनं त्यांना मुंबईत उभं केलं, ते थेट डॉ. आंबेडकरांसमोर. आंबेडकरांना १३,२४५ मतं, बाळूंना ११,२२५. ज्यांनी कधी बाळूंचा गौरव केला त्यांच्याशीच सामना. वाट कुणाची बरोबर, यावर वाद घालता येईल. पण एकच फाटक दोघांच्याही तोंडावर बंद झालं होतं, एवढं खरं. ४ जुलै १९५५ रोजी मुंबईत बाळूंचं निधन झालं.

या आयुष्याकडे बघताना एक गोष्ट लक्षात येते. पूना क्लबानं बाळूंना बॉल दिला, बॅट दिली नाही. पुण्याच्या हिंदू क्लबानं जागा दिली, कप दिला नाही. मुंबईच्या जिमखान्यानं ताट दिलं, कप्तानी दिली नाही. प्रत्येकानं आपल्या गरजेपुरतंच दार उघडलं आणि तेवढ्यावर स्वतःला मोठ्या मनाचं समजून घेतलं. एखाद्याचं टॅलेंट मान्य करणं सोपं आहे, कारण त्यात आपला फायदा असतो. त्याच्या हाताखाली खेळायला तयार होणं अवघड.

आपल्या हॉस्टेलात जात विचारत नाही, असं आपण अभिमानानं म्हणतो. पण मेसमध्ये कोण कुणाच्या टेबलावर बसतं, असाइनमेंट कुणाची उतरवायची आणि ग्रुप लीडर कुणाला करायचं, हे जरा मोकळेपणानं तपासायला हवं. आणि हो, येत्या गॅदरिंगच्या मॅचेससाठी पहाटेपासून ग्राउंडवर पाणी मारून रोलर फिरवणारे मामा असतीलच. चहाचा ब्रेक झाला की त्यांनाही आपल्यातच बसवून घ्या. जमलं तर एक ओव्हर त्यांना टाकायला सांगा. आणि त्यांना बॅटिंगही द्या.