कर्जबाजारी लेखकाचे सव्वीस दिवस

स्मरणिकेसाठी लेख द्या म्हणून आपले सेक्रेटरी तीनदा येऊन गेले. पण लिहायला बसलं की बेल वाजते. कधी कुरिअर, कधी इस्त्रीवाला. अशा वेळी मला रशियन कादंबरीकार फ्योदोर दोस्तोयेव्हस्की आठवतो. त्याच्या दारात मात्र वसुलीला आलेले लोक उभे असत. माझी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली, त्यामुळे त्याच्या पुस्तकांइतकंच त्याचं 'खातं'ही मला जवळचं वाटतं.

जन्म १८२१ चा, मॉस्कोचा. १८४९ मध्ये सरकारविरोधी मंडळात सामील असल्याबद्दल त्याला पकडलं. गोळ्या घालण्यासाठी मैदानात नेलं आणि अगदी शेवटच्या क्षणी शिक्षा बदलली. सैबेरियात चार वर्षं सक्तमजुरी, तीही चोर आणि खुनी माणसांच्या संगतीत. ती माणसं त्याने जवळून पाहिली.

१८६४ मध्ये आधी पत्नी आणि मग थोरला भाऊ गेला. भावाच्या मासिकाचं कर्ज त्याने अंगावर घेतलं, भावाच्या कुटुंबाचा भारही घेतला. त्यात फेफऱ्याचा आजार आणि रूलेटच्या जुगाराचं व्यसन.

१८६५ मध्ये स्टेलोव्स्की नावाच्या प्रकाशकाने तीन हजार रूबल देऊन करार लिहून घेतला. १ नोव्हेंबर १८६६ पर्यंत नवी कादंबरी दिली नाही, तर पुढची नऊ वर्षं याचं सगळं लेखन तो फुकट छापणार! वर त्याच गृहस्थाने दोस्तोयेव्हस्कीच्या प्रॉमिसरी नोटा हस्तकांकरवी स्वस्तात विकत घेतल्या होत्या. म्हणजे एका हाताने दिलं, दुसऱ्या हाताने काढून घेतलं.

त्या वर्षी 'क्राइम अँड पनिशमेंट' मासिकातून क्रमशः येत होती. ऑक्टोबर उजाडला तरी नव्या कादंबरीची एक ओळ नव्हती. मित्र म्हणाले, आम्ही एकेक भाग लिहून देतो. दुसऱ्याच्या लेखनावर आपलं नाव घालायला त्याने साफ नकार दिला.

मग वीस वर्षांची लघुलेखिका ॲना आली. तो रात्री टिपणं काढी, दुपारी तिला सांगे, ती घरी जाऊन स्वच्छ प्रत करी. २६ दिवसांत 'द गॅम्बलर' पूर्ण झाली. हस्तलिखित द्यायला गेला तर प्रकाशक गावात नाही! शेवटी पोलीस ठाण्यात ते जमा करून त्याने रीतसर पावती घेतली. बँकवाल्याला त्या पावतीचं मोल वेगळं सांगायला नको.

या कादंबरीतला जुगारी खोटा वाटत नाही, कारण लेखकाने स्वतःचीच नावेची बाजू उघडून दाखवली आहे. रास्कोल्निकोव्ह खून करतो, तरी आपण त्याच्याबरोबर तळमळतो. दोष लपवून माणूस रंगवता येत नाही, आणि नुसते दोष मोजूनही नाही.

पण जुगारावर लिहिलं म्हणून त्याचा जुगार सुटला नाही. फेब्रुवारी १८६७ मध्ये ॲनाशी लग्न झालं. त्यानंतर परदेशात त्याने तिचे दागिने आणि कपडेसुद्धा गहाण टाकले. १८७१ मध्ये एकदाचा जुगार थांबला. पुढे ॲनाने त्याची पुस्तकं घरूनच छापून विकायला सुरुवात केली. हिशेब तिच्या हाती आला आणि कर्ज हळूहळू फिटलं. १८८१ मध्ये तो गेला, त्याच्या साधारण वर्षभर आधी.

असा अर्जदार माझ्या टेबलावर आला असता, तर मी फाईलवर नक्की 'नामंजूर' लिहिलं असतं. नियमाप्रमाणे ते बरोबरच ठरलं असतं. पण अशा किती फायली मी बंद केल्या, त्यातली माणसं नीट पाहिली का, हा प्रश्न आता या वयात त्याची पुस्तकं वाचताना पडतो.

असो. बेल वाजली. सेक्रेटरीच असणार. माझीही मुदत संपली.